नानीबाईचा पाय

शनिवार, ४ जानेवारी २०२५, जऊळका
दुखणं : दहापैकी सहा

पोचलो एकदाचा! नागपूर ते अकोला एक्स्प्रेस, तिथून पुढे पॅसेंजर. पंधरा वर्षं विमान चालवणारा माणूस जऊळक्याच्या फलाटावर उतरला तो कमरेला पट्टा आवळून, दाराचा दांडा घट्ट धरून, एकेक पाऊल चाचपत. गोजराबाई घ्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली बॅग ओढून घेतली आणि फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एवढालं विमान उचलता भाऊ, अन् हे बॅग नाही उचलवत काय?" मी इतका हसलो की पाठीत कळ आली. तरी हसत राहिलो.

गोजराबाई म्हणजे अमरदीपची आई. अमरदीप आमच्याच कंपनीत विमानांच्या देखभालीचं काम करतो. त्यानं गावात नवं घर बांधलं, वरचा मजला रिकामा आहे. महिनाभर तिथे जाऊन पड म्हणाला. हवा चांगली, माणसं चांगली, आणि कुणी तब्येतीचा फॉर्म भरायला सांगणार नाही.

खोली छान आहे. लाकडी तखत आहे आणि त्यावर पातळ गादी, म्हणजे डॉक्टरांच्या मनासारखं. खिडकीतून रेल्वेचे रूळ आणि पलीकडे हरभऱ्याची शेतं दिसतात. जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी (इथे त्यांना सोले म्हणतात), ज्वारीची भाकर आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. तीन भाकरी खाल्ल्या.

ही वही फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिली आहे. रोज दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे आणि दिवसभर काय केलं ते खरंखरं लिहायचं. शाळेतसुद्धा कधी रोजनिशी लिहिली नव्हती. आता एक्केचाळिसाव्या वर्षी लिहितो आहे.

सोमवार, ६ जानेवारी
दुखणं : पाच

सकाळी रुळांच्या कडेनं पाऊण तास चाललो. मग गच्चीवर व्यायाम. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, दहा वेळा. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायका काम सोडून बघत होत्या. त्यातल्या एकीनं गोजराबाईंना विचारलं म्हणे, तुमचा पाहुना जमिनीवर काय हुडकून राह्यला? गोजराबाईंनी जेवताना हे मला दोनदा ऐकवलं.

आज रिकामा वेळ आहे, तर आजाराची हकिकत एकदाची लिहून टाकतो. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे. ती एका दिवसात सरकली नाही. आमचं विमान छोटं, पंख्याचं. दिवसाला सहा उड्डाणं. कॉकपिटची खुर्ची कुणाच्या पाठीसाठी बनवली आहे ते मला आजवर कळलेलं नाही. मी कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवायचो, विमान वर स्थिर झालं की या कुशीवरून त्या कुशीवर कलायचो. जोरदार वेदनाशामक गोळ्या घेऊन उडायला परवानगी नसते, कारण त्यांनी गुंगी येते. म्हणून दुखणं घेऊनच उडायचं.

दरवर्षी मेडिकलला डॉक्टर विचारायचे, पाठीचा काही त्रास? मी म्हणायचो, काही त्रास नाही. सात वर्षं म्हणालो. आमच्यात हे सगळेच करतात. खरं सांगितलं की जमिनीवर बसवतात, आणि जमिनीवर बसलेला पायलट म्हणजे घरात पडून राहिलेला म्हातारा. त्यामुळे हे उत्तर मला पाठ झालं आहे.

ऑगस्टमध्ये सिम्युलेटरच्या परीक्षेत पितळ उघडं पडलं. विमान जमीन सोडतानाच एक इंजिन बंद पडतं असं दाखवतात. विमानाचं नाक एका बाजूला वळायला लागतं आणि पायाखालचं दुसऱ्या बाजूचं पेडल त्याच क्षणी पूर्ण दाबावं लागतं. माझ्या उजव्या पायात मुंग्या होत्या. पाय गेलाच नाही. पडद्यावर आम्ही धावपट्टी सोडून गवतात गेलो. परीक्षकांनी कागदावर लिहिलं.

आता १० फेब्रुवारीला पुन्हा मेडिकल आहे. त्यात नापास झालो तर लायसन्स गेलं. मला विमान चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

शुक्रवार, १० जानेवारी
दुखणं : नऊ

सकाळी अंगणात तोंड धुताना साबण खाली पडला. तो उचलायला वाकलो आणि तसाच अडकलो. सरळ होता येईना की बसता येईना. गोजराबाई आणि शेजारच्या दोघींनी धरून आत आणलं. तिघीही दुपारपर्यंत माझ्या उशाशी बसून एकमेकींना आपापल्या पाठी सांगत होत्या.

गोजराबाईंच्या मते ही साधी उसण आहे आणि ती नानीबाईकडे उतरते. नानीबाई पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले. अशा माणसानं दुखऱ्या पाठीवर पाय ठेवला की दुखणं जातं म्हणतात. ती दर रविवारी सकाळी पाय देते. पैसा घेत नाही, चहासुद्धा घेत नाही.

मी सांगितलं, आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत, माझ्या वडिलांना कळलं तर मला घरातूनच काढतील. गोजराबाई म्हणाल्या की आमच्याही घरात चालत नाहीत, घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. पण पाठ भरली की समदेच तिच्या अंगणात जातात, त्यात काय एवढं!

रविवार, १२ जानेवारी
दुखणं : खरं चार, सांगितलं शून्य

गेलो. दुसरं काय करणार? दोन दिवस लघवीलासुद्धा धरून न्यावं लागत होतं.

नानीबाईचं घर गावाच्या कडेला आहे. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, त्यात सात-आठ माणसं बसलेली. कुणी ऊसतोडीवरून परत आलेलं, कुणी ओझं उचलताना लचकलेलं. नानीबाई साठीची, किरकोळ बांध्याची, फारसं न बोलणारी. तिचा मुलगा भागवत एकेकाला पालथं झोपवत होता.

गोजराबाईंनी वाटेत रीत सांगितली होती. ती तीन वेळा पाय ठेवते आणि दर वेळी विचारते, गेलं का? "खरं सांगाचं बरं भाऊ. गेलं तर गेलं म्हणाचं, नाही गेलं तर नाही म्हणाचं. नाही गेलं तर पुढच्या रविवारी यायचं. त्यात लाजाचं नाही." माझ्या आधीची बाई तिन्ही वेळा 'नाही' म्हणाली, पदर सावरून उठली आणि पुढच्या रविवारचं सांगून निघून गेली. कुणाला काही वाटलं नाही.

मी पालथा पडलो, गाल जमिनीला टेकलेला. तिचा उजवा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. टाचेला खोल भेगा, दुसऱ्या बोटावर जोडव्याचा वळ. नवरा गेल्यावर जोडवी निघाली असणार, वळ राहिला. मग तो पाय पाठीवर आला. हलका होता आणि कोमट. गेलं का? नाही. पाय उचलला, पुन्हा ठेवला. या वेळी आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. गेलं का? नाही. तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा दुखणं नऊवरून चारवर आलं होतं. औषधांनी सहा महिन्यांत झालं नाही ते पाच मिनिटांत!

गेलं का? मी म्हणालो, गेलं.

का म्हणालो ते आता शोधतो आहे. कुणी घाई केली नव्हती. विचारल्याबरोबर तोंडातून आलं, मेडिकलला येतं तसं. मी हात टेकून उठायला लागलो तर पाय अजून पाठीवरच होता. थांबलो, मागे पाहिलं. ती केव्हाच ओट्यावर जाऊन तांब्यातून पाणी पीत होती.

सोमवार, १३ जानेवारी
दुखणं : शून्य

शून्य! खाली तीन रेघा ओढतो.

सकाळी जागा झालो तेव्हा दुखणं नव्हतं. वाकलो, वळलो, एका पायावर उभा राहिलो. रुळांच्या कडेनं चक्क पळालो. उजव्या पायातल्या मुंग्यासुद्धा गेल्या. सुकेशनीला फोन केला तर ती रडायलाच लागली. सात वर्षं माझी पाठ शेकून बिचारीचे हात भाजलेत. उपाय काय केला ते बायकोला सांगितलं नाही. व्यायामानं झालं म्हणालो.

पाठीवर मात्र अजून ती जागा जाणवते. टाचेएवढी, कोमट. बरंच वाटतं.

बुधवार, १५ जानेवारी
दुखणं : शून्य

काल संक्रांत झाली. गोजराबाईंनी तिळगुळाबरोबर ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे असं ताट भरून दिलं. आज दुपारी भागवत आला. मला वाटलं तिळगूळ द्यायला आला. त्याचा चेहरा उतरला होता.

त्याच्या आईचा उजवा पाय रविवारपासून बधिर झाला आहे. चटका दिला तरी कळत नाही. ती म्हणते, कुणीतरी न जाता गेलं म्हणालं, आणि पाय त्याच्या पाठीवर राहिला. म्हणून तो त्या रविवारी आलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारत होता. मलाही विचारलं. मी म्हणालो, माझं खरंच गेलं, बघा ना, पळतो आहे. वर त्याला म्हणालो की बधिरपणा साखरेच्या आजारानं येतो, वाशीमला नेऊन रक्त तपासा. तो मान हलवून गेला.

मी सल्ला चांगला दिला. पण तो गेल्यावर जिन्याचं दार आतून लावून घेतलं.

रविवार, १९ जानेवारी
दुखणं : शून्य

ती जागा आता टाचेएवढी नाही. पूर्ण पाऊल आहे. पाचही बोटं वेगवेगळी कळतात. पालथं झोपलं की भार वाढतो, उताणं झोपलं तर गादी आणि पाठ यांच्यामध्ये काहीतरी सापडल्यासारखं होतं. कुशीवर झोपतो.

आंघोळ करताना उजव्या टाचेला भेगा दिसल्या. थंडी आहे, पडतात. पण डाव्या टाचेला एकही नाही.

दुसऱ्या बोटावर एक वळ आहे. मी आयुष्यात बोटात काही घातलेलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी
दुखणं : शून्य

गोजराबाईंना वाशीमला डोळे दाखवायचे होते. अमरदीपची गाडी दारात पडून होती, म्हटलं मी नेतो. मालेगाव मागे पडलं आणि रस्ता मोकळा लागला. गाडीनं वेग घेतला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला गेलो, उचलला नाही. उलट दाबला जाऊ लागला. समोर कपाशीच्या पऱ्हाट्यांनी भरलेली ट्रॉली होती. मी दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढला. पाय जागचा हलला नाही. शेवटी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, हातानं ब्रेक ओढला. गाडी रस्ता सोडून बाभळीत घुसली.

गोजराबाईंच्या कपाळाला तीन टाके पडले. परत येताना दुसऱ्याच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घराच्या पायरीवर थांबून त्यांनी हळूच विचारलं, "तुमीच हाय ना ते?" मी मान खाली घातली. मग त्यांनी सांगितलं. पायाळूचा पाय एकदा ठेवला की खरं उत्तर मिळेपर्यंत उचलत नाही. दुखणं जाईपर्यंत दाबायचं एवढंच त्याला कळतं. ज्यानं खोटं सांगितलं त्यानं तिच्यासमोर जाऊन 'नव्हतं गेलं' म्हटलं की पाय परत जातो. आणि दुखणं? दुखणंही परत येतं.

मेडिकलला अठरा दिवस राहिले.

रविवार, २६ जानेवारी
दुखणं : शून्य

नानीबाईकडे जाऊन आलो. अंगणात कुणी नव्हतं. ती ओट्यावर बाजेवर पडून होती. बधिरपणा गुडघा ओलांडून कमरेपर्यंत गेला आहे. वाशीमच्या डॉक्टरांना रक्तात काही सापडलं नाही.

तिला मी सांगायच्या आधीच माहीत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात धरला, म्हणाली, "माहा पाय मले दे बापू. दुखनं वापस येईन, तं येऊ दे. आपन पुन्हा काढू. दर रविवारी थोडं थोडं." मी विचारलं, किती रविवार लागतील? ती म्हणाली, सहा-सात तरी.

माझ्याकडे दोन रविवार आहेत. मी तिला मेडिकलचं सांगितलं, लायसन्सचं सांगितलं. म्हणालो, दहा तारीख होऊ द्या, अकरा तारखेला पहिल्या गाडीनं येतो आणि तुम्ही म्हणाल ते म्हणतो. भागवत दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "काहून साहेब? एकच शब्द तं बोलाचा हाये." नानीबाईनं त्याला हातानं गप्प केलं. मग डोळे मिटून घेतले.

बोलायचा तो शब्द ओठांवर होता. मी उठून आलो. मी वाईट माणूस नाही. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

रविवार, २ फेब्रुवारी
दुखणं : शून्य

गोजराबाई बोलत नाहीत. ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून जातात. भागवत आज दोनदा येऊन खाली उभा राहिला. मी दार उघडलं नाही.

बधिरपणा तिच्या छातीपर्यंत आला आहे म्हणे.

पाठीवर एक पाऊल होतं. आता दुसऱ्या पायाचीही टाच टेकायला लागली आहे. कुणीतरी तोल सावरत वर चढतं आहे, पण अजून पुरतं उभं राहिलेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
दुखणं : शून्य

नागपूरला निघालो. गोजराबाईंच्या पाया पडायला वाकलो, त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, आधी तिच्या पाया पडा. नानीबाईच्या घरावरूनच स्टेशनला वाट जाते. मी शेतातून फिरून गेलो.

सोमवार, १० फेब्रुवारी, नागपूर
दुखणं : शून्य

पास.

डॉक्टरांनी वाकायला लावलं, पाय ताठ उचलायला लावला, छोट्या हातोडीनं गुडघे तपासले. म्हणाले, सुधारणा आश्चर्यकारक आहे. मग पेन हातात घेऊन विचारलं, पाठीचा काही त्रास? भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी म्हणालो, काही त्रास नाही.

त्याच वेळी पाठीवर दुसरा पाय टेकला. पूर्ण भार आला. मी टेबलाचा काठ धरला. डॉक्टर सही करत होते.

बाहेर आलो तर फोनवर गोजराबाईंचे चार कॉल. नानीबाई सव्वाअकराच्या सुमारास गेली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुखणं : शून्य

काल दुपारी चार वाजता उजवा तळवा पेटला. खरोखर पेटला, बूट काढला तर वाफ निघेल असं वाटलं. तळव्यावर फोड आले. दुखत मात्र नव्हतं. नुसते फोड. सुकेशनीनं घाबरून बर्फ लावला.

संध्याकाळी गोजराबाईंनी फोनवर सांगितलं, अग्नी चार वाजता दिला. आंघोळ घालताना बायांच्या लक्षात आलं होतं, सगळं अंग गार, उजवा पाय तेवढा कोमट. सरणावर ठेवतानाही तो कोमटच होता. भागवतनं चार माणसांना हात लावून बघायला सांगितलं. मग नाइलाजानं काडी लावली.

आज अकरा तारीख आहे. आज जायचं ठरलं होतं.

रविवार, १६ फेब्रुवारी, जऊळका
दुखणं : शून्य

गेलो. त्याच अंगणात, त्याच जागी पालथा पडलो. मोठ्यानं म्हणालो, नव्हतं गेलं. त्या दिवशी नव्हतं गेलं. चार होतं. मी खोटं बोललो. पुन्हा म्हणालो. माणसं गोळा झाली. मी ओरडत होतो —

भागवत मुंडण केलेल्या डोक्यानं ओट्यावर बसला होता. त्याला रागही आला नाही. म्हणाला, "आता कोनाले सांगता साहेब? इचारनारी गेली."

त्यानंच मला धरून उठवलं. उठवताना त्याचा हात माझ्या पाठीला लागला. त्यानं तो झटकन मागे घेतला आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी, हैदराबाद
दुखणं : शून्य

सिम्युलेटर पास. इंजिन बंद पडलं आणि उजवा पाय माझ्या आधी गेला. पूर्ण दाबला, अगदी वेळेवर. परीक्षक खूश झाले, पाय लोखंडाचा करून आलात म्हणाले.

तो मी दाबला नव्हता. आणि मग सुटेना. त्यांनी परीक्षा संपवून यंत्र बंद केलं म्हणून त्यांना कळलं नाही. ते बाहेर गेले, मी कागद भरत असल्याचं सोंग करून बसून राहिलो. पायाचं काम संपायला चांगली दहा मिनिटं लागली.

खरं विमान बंद करता येत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, नागपूर
दुखणं : शून्य

उद्या सकाळी पहिलं उड्डाण. अडुसष्ट प्रवासी.

सुकेशनी बँकेत गेल्यावर वरवंटा घेतला. पायावर घातला. तीनदा. हाड मोडलं तर सुटलो, असं वाटलं. काही मोडलं नाही. काही दुखलं नाही. फरशीला तडा गेला — पाय तसाच. एका म्हाताऱ्या बाईचा पाय, माझ्या पोटरीला जोडलेला. पायमोज्यात लपतो.

दुखायला हवं होतं. थोडं तरी. देव नाही मानत मी, कुणाला मागू —

ड्युटी लावणाऱ्या विभागाला फोन केला. उद्या येऊ शकत नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी विचारलं, काय होतंय कॅप्टन? पुन्हा पाठ? पुन्हा मेडिकल बोर्डाकडे पाठवावं लागेल. एक क्षण होता. त्या क्षणात बोलायचं होतं. मी म्हणालो — नाही नाही, काही त्रास नाही, वेळ विचारायला फोन केला.

मीच म्हणालो. पायानं नाही. मी.

शनिवार, २२ फेब्रुवारी, विमानतळ
सकाळ

घराबाहेर पडायचं नाही असं ठरवलं होतं. खुर्चीला धरून बसलो होतो. उजव्या पायानं बूट शोधला. सुकेशनी हसली, एवढी घाई? तिच्यासमोर काय —

तरी इथे आहे. कर्मचाऱ्यांच्या खोलीत. लिहून ठेवतो. बोलता येत नाही, लिहिता येतं.

निकिता, हे तुझ्यासाठी. तू माझी को-पायलट आहेस, सव्वीस वर्षांची, आज पहिल्यांदा माझ्याबरोबर. मला खुर्चीत बसू देऊ नकोस. दोघांच्या पायाखालची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात, तुला माहीत आहे. माझ्या पायानं दाबलं की तुझंही जाईल. तुझ्यानं उलटं दाबवणार नाही. धावपट्टीवर उतरताना तो दाबेल आणि सोडणार नाही. मी आजारी आहे. मी खोटं बोललो आहे. आत्ता इतकंच —

हे पान फाडून देणार. तोंड उघडायचं नाही. नुसतं द्यायचं.

ती आली —

तिनं विचारलं, सर, पाठ कशी आहे आता?

मी म्हणालो, मस्त. काही त्रास नाही. ती हसली, पुढे गेली, विमानाकडे. पान अजून वहीतच आहे. प्रवाशांची रांग सुटली. एक बाई, कडेवर पोर — हाक मारायला हवी, अजून वेळ आहे, निकिता लांब गेली नाही, काचेतून दिसते आहे, फक्त हाक —

उजवा पाय उठला, दाराकडे निघाला. मी अजून बसलेलाच आ—